ध्यानाला बसलं की मन जास्तच पळतं? सुरुवातीच्या अडचणी आणि त्यावर संशोधन काय सांगतं



पेटची तयारी, सिनॉप्सिस, शोधनिबंध कसा वाचायचा, असे विषय आपण आधी घेतले. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तुमच्या कामाचा आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कोणीतरी सांगतं, "टेन्शन येतंय ना, मग ध्यान कर." सांगणारा सांगून मोकळा होतो. आपण पहाटे उठून डोळे मिटून बसतो आणि तिसऱ्या मिनिटाला लक्षात येतं की मन शांत व्हायचं सोडून दुप्पट वेगाने पळतंय. चार दिवसांनी सतरंजी गुंडाळून कपाटावर जाते.

माझी सतरंजी तीनदा कपाटावर गेली आहे.

पहिल्यांदा मी ध्यानाकडे वळले ते पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी. प्रगती अहवालाच्या बैठकीत मला एक साधा प्रश्न विचारला गेला. तुमचं संयुग शुद्ध आहे हे कशावरून म्हणता? उत्तर मला येत होतं, एनएमआरचा आलेख माझ्याच स्लाईडवर होता. पण त्या वेळी डोक्यात एकच टेप वाजत होती, "आपल्याला काही येत नाही, आज हे सगळ्यांना कळणार." त्या आवाजात मला प्रश्न अर्धाच ऐकू आला. मी काहीतरी भलतंच बोलले आणि समितीने सहा महिन्यांनी पुन्हा सादरीकरण करायला सांगितलं. त्यानंतर कित्येक रात्री मला झोप नव्हती. म्हणून ध्यान सुरू केलं आणि चौथ्या दिवशी "हे आपलं काम नाही" म्हणून सोडलं.

आज मागे वळून बघते तेव्हा दिसतं की माझी चूक ध्यानात नव्हती, मोजमापात होती. मी "मन किती शांत झालं" हे मोजत होते. म्हणजे प्रयोग ठीक होता, पण चल चुकीचा निवडला होता. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

आधी व्याख्या ठरवू

ध्यानाचे प्रकार पुष्कळ आहेत. मी इथे फक्त एकाबद्दल बोलतेय: श्वासावर लक्ष ठेवणं. बौद्ध परंपरेत याला आनापान म्हणतात. इगतपुरीला सत्यनारायण गोएंका यांच्या पद्धतीची जी दहा दिवसांची विपश्यना शिबिरं होतात, त्यात पहिले तीन दिवस हेच शिकवतात. आपल्याकडे या विषयाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने बघण्याची परंपरा जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी योगावरच्या शास्त्रीय अभ्यासासाठी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही काढलं. त्यामुळे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने यात पडावं की नाही, असा संकोच करायचं कारण नाही.

कृती अगदी छोटी आहे. आरामात बसा. नाकपुडीशी श्वास येतो-जातो तो जाणवू द्या. मन दुसरीकडे गेलं आणि ते लक्षात आलं की पुन्हा श्वासाकडे या. संपलं. आता अडचणी बघू.

अडचण १: विचार थांबतच नाहीत

ही तक्रार करणारे तुम्ही पहिले नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने कृष्णापुढे हेच गाऱ्हाणं मांडलंय की हे मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. बौद्ध परंपरेत ध्यानातल्या पाच अडथळ्यांची यादीच आहे. त्यात सुस्ती आहे, अस्वस्थता आहे, शंकासुद्धा आहे. एखाद्या अडचणीची यादी करून ठेवावी लागते याचा अर्थ ती जवळपास सगळ्यांना येते.

आता प्रयोग बघू. डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये काही विद्यार्थ्यांना सांगितलं की पाच मिनिटं मनात काय चाललंय ते मोठ्याने बोला, पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. पुढची गंमत जास्त महत्त्वाची आहे. नंतर त्यांना अस्वलाचा विचार करायची परवानगी दिली, तेव्हा सुरुवातीपासून परवानगी असलेल्या गटापेक्षा त्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. विचार दाबला की तो उसळी मारून वर येतो. "विचार येऊ द्यायचा नाही" असं ठरवून आपण ध्यानाला बसतो, तेव्हा आपण रोज सकाळी हाच प्रयोग स्वतःवर करत असतो.

मन भटकणं हा बिघाडही नाही. २००१ मध्ये मार्कस राइकल यांच्या गटाने दाखवलं की माणूस ठरावीक काम करत नसतो तेव्हाही मेंदूचे काही भाग एकत्रितपणे सक्रिय असतात. त्यांनी याला मेंदूची 'डिफॉल्ट' अवस्था म्हटलं. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांना फोनवरून दिवसभरात अधूनमधून विचारलं की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. जवळपास ४७ टक्के नोंदींमध्ये मन हातातल्या कामावर नव्हतं. म्हणजे हे ध्यानाला बसल्यावर सुरू होत नाही. ते दिवसभर चालूच असतं, बसल्यावर फक्त दिसतं.

यूव्ही स्पेक्ट्रोमीटर वापरला असेल तर हे पटकन समजेल. नमुना ठेवण्याआधी आपण नुसत्या द्रावकाची बेसलाइन घेतो. ती वेडीवाकडी आली तर आपण "नमुना वाईट आहे" असं म्हणत नाही. यंत्राचा स्वतःचा गोंगाट काय आहे ते आपल्याला कळलेलं असतं. पहिले काही आठवडे तुम्ही बेसलाइन घेताय असं समजा.

आता या लेखातला माझ्या मते सगळ्यात उपयोगी शोधनिबंध. वेंडी हासेनकॅम्प आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ध्यान करणाऱ्या १४ जणांना एफएमआरआय यंत्रात श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. मन भटकलंय हे लक्षात आलं की बटण दाबायचं आणि परत श्वासाकडे यायचं. त्यातून त्यांनी एक चक्र मांडलं: मन भटकतं, ते लक्षात येतं, लक्ष वळवलं जातं, काही वेळ ते टिकतं, आणि पुन्हा भटकतं. हे सगळे आधीपासून ध्यान करणारे लोक होते, तरीही बटणं दाबली गेलीच. नमुना फक्त १४ जणांचा आहे, त्यामुळे मेंदूच्या कोणत्या भागात नेमकं काय झालं याबद्दल फार ठाम बोलू नका. पण चक्राची ही कल्पना सुरुवात करणाऱ्यासाठी फार मोलाची आहे.

कारण या चक्रात 'लक्षात येणं' हीच पायरी कमवायची आहे. व्यायामशाळेत वजन खाली येणं ही चूक नसते, ते खाली आल्याशिवाय पुन्हा उचलता येत नाही. दहा मिनिटांत मन वीस वेळा पळालं आणि वीस वेळा तुम्ही परत आलात, तर तुमचा वीस वेळा सराव झाला. मी पहिल्या तिन्ही खेपेला याच वीस वेळा 'नापास' म्हणून मोजल्या होत्या.

अडचण २: बसवतच नाही, हात फोनकडे जातो

हा तुमच्या एकट्याचा चंचलपणा नाही. टिमोथी विल्सन यांच्या गटाचा २०१४ मधला शोधनिबंध वाचाच, प्रयोगाची मांडणी कशी करावी यासाठीही तो चांगला आहे. लोकांना ६ ते १५ मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं विचार करत बसायला सांगितलं. बऱ्याच जणांना ते आवडलं नाही. एका प्रयोगात खोलीत विजेचा सौम्य झटका देणारं बटण ठेवलं होतं. तो झटका आधी अनुभवून "हा पुन्हा बसू नये म्हणून मी पैसे देईन" असं म्हणालेली ही माणसं. तरी १५ मिनिटांत १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ स्त्रियांनी स्वतःला किमान एकदा झटका दिला. एका महाशयांनी तर १९० वेळा, त्यांना सरासरीतून वगळावं लागलं.

तेव्हा नुसतं बसणं अवघड जाणारच. उपाय दोन. एक, वेळ कमी ठेवा. अर्ध्या तासाच्या हट्टाने सुरुवात करू नका, पाच मिनिटं पुरे. दोन, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वेळ बघायला साधं घड्याळ घ्या. मी लॅबमधल्यासारखा टिकटिक टायमर आणला, कारण फोनवर गजर लावायला गेले की आधी व्हॉट्सअॅप उघडलं जायचं.

कंटाळा आला तर त्याच्याकडेच बघा. तो शरीरात कुठे जाणवतो? छातीत, जबड्यात, बोटांत? 'कंटाळा' या एका शब्दामागे तीन-चार वेगळ्या संवेदना सापडतात. निरीक्षण करायची सवय तुम्हाला आहेच, ती इथे वापरा.

अडचण ३: डोळे मिटले की झोप लागते

याचं पहिलं उत्तर आध्यात्मिक नाही. रात्री दोनपर्यंत पेपर वाचून सहाला उठलात तर शरीर मिळेल त्या संधीत झोपणारच. माझ्या नोंदवहीत मी झोपेचे तास लिहायला लागले तेव्हा दिसलं की ज्या दिवशी डुलक्या आल्या, त्याच्या आदल्या रात्री जवळजवळ नेहमी पाच तासांपेक्षा कमी झोप झाली होती. तिथे ध्यान सुधारून काही होणार नव्हतं, झोप सुधारायला हवी होती.

झोप पुरेशी होऊनही डुलकी येत असेल तर हे करून बघा. अंथरुणावर बसू नका. आंघोळीनंतर बसा, जेवणानंतर लगेच नको. डोळे अर्धे उघडे ठेवून समोर चार-पाच फुटांवर जमिनीकडे बघा. तरीही जमलं नाही तर उभं राहून किंवा गॅलरीत सावकाश चालत करा. चालताना लक्ष पावलांवर ठेवायचं, बाकी कृती तीच.

अडचण ४: पाय बधिर होतात, पाठ दुखते

पद्मासनात ताठ बसलेल्या योग्याचं चित्र डोक्यातून काढून टाका. आपल्यापैकी बरेच जण खुर्चीवर बसून मोठे झालोत. नुसती मांडी घातली तरी गुडघे वर राहतात आणि कंबर मागे झुकते, मग दहा मिनिटांत पाठ भरून येते. बुडाखाली जाड उशी किंवा घडी केलेली चादर घ्या म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर येईल. भिंतीला टेकलात तरी चालतं. खुर्चीवर बसलात तरी चालतं, फक्त पाय जमिनीला टेकलेले असू द्या. मुंग्या आल्या तर पाय हलवा. "हलायचं नाही" ही परीक्षा पहिल्या महिन्यात स्वतःची घेऊ नका. गुडघ्याचं किंवा मणक्याचं दुखणं आधीपासून असेल तर खुर्चीच बरी.

अडचण ५: शांत जागाच नाही

मी हॉस्टेलवर राहते. सकाळी गीझरपाशी बादल्यांची रांग, खाली मेसमध्ये कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्या खोलीत नेटच्या तयारीची लेक्चरं मोठ्या आवाजात. तुमच्यातले काही जण दोन खोल्यांच्या घरात पाच माणसांत राहत असतील. सगळं शांत झाल्यावर बसू असं म्हणाल तर तो दिवस येणार नाही.

मी काही दिवस आवाज हाच विषय घेतला. श्वासाऐवजी आवाज ऐकायचे. शिट्टी झाली, ऐकली. बादली आपटली, ऐकली. "ही बाई रोज अशीच बादली आपटते" हे पुढचं वाक्य मनात सुरू झालं की समजायचं, मन भटकलं. परत ऐकण्याकडे यायचं. आवाज वेगळा आणि आवाजावरची आपली कॉमेंट्री वेगळी, हा फरक मला तिथे कळला.

आणि खोलीतल्या मैत्रिणीला एकदा नीट सांगून ठेवा, "सात ते सव्वासात मला हाक मारू नकोस." आपण संकोचाने सांगत नाही, आणि मग तिच्यावर मनातल्या मनात चिडत बसतो.

अडचण ६: चार दिवस होतं, मग खंड पडतो

"२१ दिवसांत सवय लागते" हे तुम्ही ऐकलं असेल. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या एका प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये पुस्तकात लिहिलं होतं की रुग्णांना आपल्या बदललेल्या रूपाची सवय व्हायला किमान एकवीसेक दिवस लागतात. पुढे सांगोवांगी त्यातला 'किमान' गळाला आणि तो सगळ्या सवयींचा नियम होऊन बसला. एखाद्या विधानाचं मूळ का शोधायचं, त्याचं हे चांगलं उदाहरण आहे.

प्रत्यक्ष मोजमाप केलं ते फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ९६ जणांनी एक-एक छोटी सवय निवडून ती १२ आठवडे पाळली. सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यक कालावधी ६६ दिवस होता, आणि माणसामाणसात तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. इथे थांबा आणि विचारा: अभ्यास ८४ दिवसांचा, मग २५४ कुठून आले? ते वक्र पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे. अशा जागा वाचताना खटकायला हव्यात.

त्या अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट अशी की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की "गेलं सगळं" म्हणून सोडून देतो. खंड पडला तर दुसऱ्या दिवशी पाचच मिनिटं बसा. भरपाई म्हणून वीस मिनिटं बसायला जाऊ नका.

दुसरी युक्ती पीटर गोल्विट्झर यांच्या कामातून येते. "मी रोज ध्यान करीन" असा नुसता संकल्प करण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं नेमकं ठरवलं तर ते पार पडण्याची शक्यता वाढते. माझं वाक्य होतं, "दात घासून झाले की मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसेन." दात घासणं चुकत नाही, त्यामुळे बसणंही सहसा चुकत नाही.

अडचण ७: महिना झाला, फरक काहीच नाही

इथे अपेक्षा तपासायला हवी. समाजमाध्यमांवर ध्यानाबद्दल जे दावे फिरतात त्यातले बरेच पुराव्याच्या पुढे धावतात. २०११ मध्ये एका अभ्यासाने आठ आठवड्यांच्या ध्यान-कार्यक्रमानंतर मेंदूच्या काही भागांतली करड्या द्रव्याची घनता वाढल्याचं सांगितलं आणि तो खूप गाजला. त्यात ध्यान करणारे १६ जण होते. २०२२ मध्ये २१८ जणांच्या, यादृच्छिक पद्धतीने गट पाडलेल्या अभ्यासात तसा रचनात्मक बदल आढळला नाही. ही बातमी तितकी फिरली नाही.

मग उपयोग शून्य आहे का? तसंही नाही. माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा, एकूण ३,५१५ सहभागींचा एकत्रित आढावा घेतला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत लहान ते मध्यम सुधारणा झाल्याचा मध्यम दर्जाचा पुरावा त्यांना मिळाला. पण व्यायाम किंवा औषधं यांच्यासारख्या इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे हे एक साधन आहे, माफक आणि खरं. रोज संध्याकाळी चालायला जाणं तुम्हाला जास्त मानवत असेल तर तेही करा, त्यात काही कमीपणा नाही.

आणि ध्यानाने काय होणार नाही तेही सांगते. त्याने फेलोशिप वेळेवर जमा होणार नाही, गाईड फोन उचलायला लागणार नाहीत, अडलेली रिअॅक्शन पुढे सरकणार नाही. जिथे तक्रार करायला हवी तिथे तक्रारच करावी लागते. "मनःशांती ठेव" असं सांगून कोणी तुमचा खरा प्रश्न झाकत असेल तर ते ओळखा.

अडचण ८: बसलं की भीती वाटते

याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून मी मुद्दाम लिहितेय. दुसऱ्या खेपेला मी सुरू केलं तेव्हा श्वासाकडे लक्ष दिलं की तो अडकल्यासारखा व्हायचा. मग धडधड, तळहाताला घाम. मला वाटायचं आणखी जोर लावून बसायला हवं. जोर लावला तसं ते वाढलं.

काही जणांना ध्यानात चिंता वाढणं, जुन्या आठवणी उसळणं असे अनुभव येतात, आणि संशोधकांनी त्यांची नोंद घेतलेली आहे. असं झालं तर डोळे उघडा. तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श जाणवू द्या, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, पाणी प्या. पुढच्या वेळी श्वासाऐवजी पावलं किंवा आवाज घ्या. पुन्हा पुन्हा होत असेल तर थांबवा. ध्यान अर्धवट सोडल्याने कुठलंही पाप लागत नाही.

मी तेव्हा शेवटी समुपदेशकाकडे गेले. तिथे कळलं की मला आलेले ते चिंतेचे झटके होते आणि त्यावर वेगळी मदत लागते. ती मी घेतली. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ध्यानाने बरं वाटेल म्हणून थांबून राहू नका. डॉक्टरांना भेटा. भारत सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे. आधी मदत घ्या, ध्यान नंतर बघू.

नोंदवही कशी ठेवायची

चौथ्या खेपेला मी एक गोष्ट बदलली. लॅबची नोंदवही ठेवतो तशी एक छोटी वही केली. त्यात रोज एकच ओळ लिहायची: तारीख, किती वाजता बसले, किती मिनिटं, आदल्या रात्रीची झोप, आणि किती वेळा परत आले याचा अंदाज, म्हणजे 'थोड्या', 'बऱ्याच' किंवा 'खूप' वेळा. बसल्याबसल्या आकडा मोजू नका, नाहीतर मोजणं हाच नवा उद्योग होऊन बसतो.

"मन शांत झालं का?" हा रकाना मी मुद्दाम ठेवला नाही. तो ठेवला की रोज परीक्षा सुरू होते, आणि आपण आधीच पुष्कळ परीक्षा देतोय. 'खूप वेळा परत आले' ही नोंद वाईट नाही हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिल्या दोन आठवड्यांसाठी एवढंच: रोज पाच मिनिटं, ठरलेल्या कामानंतर, खुर्चीत. तिसऱ्या आठवड्यापासून वाटलं तर दहा. महिन्याने वही चाळा. डुलक्या कधी आल्या, खंड कधी पडला, कोणत्या वेळेला बसणं सोपं गेलं, हे तुमच्याच नोंदींत सापडेल. एका माणसाचा प्रयोग आहे, त्यामुळे त्यावरून जगाला सल्ला देता येणार नाही, पण स्वतःपुरतं वेळापत्रक नक्की सुधारता येतं.

माझं काय झालं

सहा महिन्यांनी मी त्याच समितीसमोर पुन्हा उभी राहिले. खरं सांगते, टेप वाजली. तीच, "आपल्याला काही येत नाही." ध्यानाने ती बंद झालेली नव्हती. पण या वेळी दुसऱ्याच वाक्याला माझ्या लक्षात आलं की टेप सुरू झालीय. तळपाय जमिनीला लागलेले जाणवले. मी म्हटलं, "सर, प्रश्न पुन्हा एकदा सांगता का?" त्यांनी सांगितला. मी उत्तर दिलं. एका भागाचं उत्तर मला येत नव्हतं, तेही तसंच सांगितलं.

एवढाच फरक. बाहेरून बघणाऱ्याला तो दिसलाही नसेल. मला मात्र ते दोन-तीन सेकंद मिळाले, जे मागच्या वेळी मिळाले नव्हते. यात ध्यानाचा वाटा किती, समुपदेशनाचा किती आणि सहा महिने केलेल्या तयारीचा किती, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. कंट्रोल ग्रुप नव्हता ना!

आता वर्ष उलटून गेलंय. मी रोज पंधरा मिनिटं बसते, आठवड्यातून एखादा दिवस चुकतो. आज सकाळच्या नोंदीत लिहिलंय: ७.०५, पंधरा मिनिटं, झोप सहा तास, परत आले 'खूप वेळा'.

उद्या तुम्ही बसाल तेव्हा मन पळेल. पळू द्या. लक्षात आलं की परत या, आणि वहीत एक ओळ लिहा.